हवालदारीणबाईंचा कावळा

कावळ्याशी उघड भांडण असलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि योग असा की तिच्याच घरात, वरच्या मजल्यावर, मी भाड्यानं राहत होते.

सांगलीहून साताऱ्याला माझी बदली झाली तेव्हाची गोष्ट. नवरा पुण्यात नोकरीला, सोबतीला सात वर्षांची मनवा. घर दाखवायला आलेला माणूस फाटकापाशीच थांबला आणि म्हणाला, "मी इथंच उभा ऱ्हातो. तुमी जावा आत." का, ते आत गेल्यावर कळलं. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला, शेजारी एक काळी पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "बोट दे."

मला वाटलं, अंगठ्याचा ठसा हवा असेल. मी बोट पुढं केलं. बाईंनी त्यात सुई टोचली.

"एकशे बारा," त्या पिशवीतून काढलेल्या मशिनीकडं बघत म्हणाल्या. "काय खाऊन आलीस?"

"भडंग."

"सांगलीची न्हवं का, भडंगच खाणार. ऱ्हा मग. खोली हवेशीर हाय."

अनामत, लाइटबिल, पाण्याची वेळ, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. माझी साखर ताब्यात असल्यावर बाकीचं सगळं ताब्यातच असणार, असा त्यांचा हिशोब असावा.

त्यांचे यजमान फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, म्हणून गल्ली त्यांना हवालदारीणबाई म्हणे. यजमान अत्यंत गरीब स्वभावाचे होते असं सगळेच सांगत. फौजेचा जो काही दरारा घरात आला होता तो बाईंनीच परस्पर उचलला होता. टाकी भरली की त्या जिन्यातून "लाइन तोड!" असं ओरडत. त्याचा अर्थ, मोटर बंद करा. घंटागाडी आली की "फॉलिन!" ऐकू येई आणि अख्खी गल्ली डबे घेऊन रांगेत उभी राही. कुणी ओला कचरा सुक्यात टाकला, की बाई त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघत आणि एकच शब्द उच्चारत, "सिव्हिलियन!" त्यांच्या तोंडी यापेक्षा मोठी शिवी मी कधी ऐकली नाही.

ती साखरेची मशीन मालकांची. मालक म्हणजे यजमान. त्यांना अकरा वर्षं शुगर होती आणि ती अकरा वर्षं बाईंनी त्यांना साखरेचा कण दिसू दिला नव्हता. मालक गेले, मशीन राहिली, आणि चांगली चालती वस्तू पडून राहू देणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. गॅस सिलिंडरवाल्याचं बोट, केबलवाल्याचं बोट, रद्दीवाल्याचं बोट, कुणीही सुटलं नाही. निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार हात जोडून दारात आले. बाईंनी त्यांचे जोडलेले हात सोडवले आणि त्यातलं एक बोट घेतलं.

"दोनशे ऐंशी!" त्या कार्यकर्त्यांच्या देखत म्हणाल्या. "आवं, आधी सोताला सांबाळा, मग वार्ड सांबाळा."

ते गृहस्थ निवडणुकीत पडले. बाईंच्या मते त्यांचा जीव वाचला.

माझ्या सासूबाई महिनाभर राहायच्या बेतानं आल्या होत्या. त्यांची साखर बाईंना पसंत पडली नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मेथीचं पाणी आणि संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या सुरू झाल्या. बाई कठड्याला टेकून "एक दो, एक दो" म्हणत. सासूबाईंना आठवड्याच्या आत सांगलीची आठवण झाली. या एका उपकारासाठी मी बाईंची जन्मभर ऋणी आहे.

आता कावळ्याचं सांगते. मालकांचा दहावा माहुलीच्या घाटावर झाला. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे रांगेनं बसलेले, पण एक खाली उतरायला तयार नाही. अशा वेळी गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं आपल्यात मानतात, मग जवळचे लोक एकेक पुढं होऊन कबूल करतात. पुतण्या म्हणाला, शेत विकणार नाही. भाऊ म्हणाला, बांधाची कोर्टकेस मागं घेतो. कुणीतरी भावनेच्या भरात दारू सोडली. कावळे ढिम्म. शेवटी ऊन चढलं, भटजींना पुढं दुसरा दहावा होता, त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि विधी उरकला.

बाईंना ते अजिबात मान्य नव्हतं. "गवताचा कावळा!" त्या मला म्हणाल्या. "बॉर्डरवर गवताची बंदूक घिऊन हुबं ऱ्हायलं तर चालंल व्हय? न्हाई न्हवं? मग ह्ये कसं चाललं?"

तेव्हापासून बाई रोज सकाळी ताटली घेऊन गच्चीवर जात. मालकांची कुठली इच्छा राहिली ते शोधून काढायचं आणि खऱ्या कावळ्याकडून पावती घ्यायची, त्याशिवाय मालक सुटले असं त्या मानायला तयार नव्हत्या. ताटलीत कधी मटणाचा रस्सा असे, कधी भरलेलं वांगं, कधी तंबाखूची चिमूट. एकदा तर बुचभर रम होती. कावळा येई, मान वाकडी करून ताटलीत बघे आणि शेजारच्यांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया खायला निघून जाई. मग बाई त्याला जे काही बोलत ते ऐकून माझा गजर वाजायच्या आधी मला जाग येई.

यातली गंमत अशी, की मालकांना काय हवं होतं ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. हवालदार रोज संध्याकाळी फिरायला म्हणून निघत आणि पेढ्याच्या दुकानासमोर उभे राहत. आत जात नसत, नुसते उभे राहत. कंदी पेढ्यासाठी खवा भाजला जात असे, त्याचा वास घेत आणि घरी येत. सातारकर माणूस, दुसरं काय करणार! हे दुकानदाराला ठाऊक होतं, गल्लीला ठाऊक होतं आणि बाईंनाही ठाऊक होतं. पण दहाव्याला बाईंनी पिंडाशेजारी ठेवला होता तो मेथीचा बिनसाखरेचा लाडू आणि कारल्याची भाजी. भटजींनी दबक्या आवाजात विचारलंही होतं, "काही गोडाचं आणलंय का?" बाई म्हणाल्या होत्या, "डॉक्टरांनी बंद केलंय."

हे बाईंना सांगायची कुणाची छाती नव्हती. मी परक्या गावची, म्हणून एकदा बोलून गेले. आम्ही जिन्यात मेथी निवडत बसलो होतो. म्हटलं, "मावशी, एकदा पेढा ठेवून बघा की."

बाईंनी पुढ्यातल्या काड्या बाजूला सारल्या. मग हातातली जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "ठेवला असता गं. येक पेढा ठेवायला काय लागतंय? पर शिवला तर?"

"शिवला तर चांगलंच ना."

"चांगलं कसं? शिवला म्हंजे मानूस पेढ्यावाचून तळमळत गेलं. मग मी अकरा वरीस त्यांचं काय केलं? सेवा केली का छळ केला? सांग की."

मी निवडून झालेल्या मेथीतच परत काड्या शोधायला लागले. माझा चेहरा बघून बाईंना काय वाटलं कुणास ठाऊक, त्या पिशवी आणायला उठल्या आणि म्हणाल्या, "पांढरी पडलीस. बोट दे."

तर हे असं चाललेलं असताना मनवाच्या शाळेत हॅलोविन आलं. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथं दहीहंडी होते, नाताळ होतो, मग यानं काय घोडं मारलं होतं? शाळेतल्या बाईंचा निरोप मोबाइलवर आला, तोही सगळी भुतं आणि भोपळे चिकटवून. मुलांनी घरच्यांसोबत सोपा, भीतिदायक खाऊ करावा, गॅस वापरू नये, शनिवारी चार वाजता वर्गात आणावा. मनवाला अजून त्या वर्गात फारशा मैत्रिणी नव्हत्या. तिनं उत्साहाच्या भरात सगळ्या वर्गाचा खाऊ आपल्याच अंगावर घेतला होता.

शनिवारी दुपारी माझ्या चिमुकल्या ओट्यापाशी तीन मुलं जमली. मनवा, समोरच्या घरातला अथर्व, आणि कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांची झोया, जिनं वडिलांच्या दुकानातून खारी आणि क्रीमची बिस्किटं भरभरून आणली होती. पाच मिनिटांत एक केळं पायाखाली आलं आणि "भूत मेलं, भूत मेलं" असा आरडाओरडा झाला. बाई जिना चढून वर आल्या.

"कोन मेलं?"

"भूत मेलं आजी," अथर्व म्हणाला. "आम्ही भुतांचा खाऊ करतोय. आज हॅलोविन आहे ना! भुतं घरोघर येतात आणि खाऊ मागतात. नाही दिला तर त्रास देतात."

बाईंनी डोळे बारीक केले. "येत्यात, खायाला मागत्यात, न्हाई दिलं तर तरास देत्यात. आरं, मग ह्ये पितरंच की! सर्वपित्री झाली की परवा. ह्या इंग्रजांचा म्हैना चुकलाय." आणि माझ्याकडं वळून, "पितरांचा सैपाक असा हागवणीगत करत्यात व्हय? चला खाली. फॉलिन!"

बाईंच्या स्वयंपाकघरात नखं तपासली गेली, झोयाच्या वेण्या वर बांधल्या गेल्या आणि कामं वाटून दिली गेली. केळ्याचे अर्धे तुकडे उभे करायचे, लवंगेचे डोळे लावायचे, की झालं भूत. पण बाईंचं तेवढ्यानं समाधान होईना.

"ह्यो कोन?"

"भूत."

"भूत म्हंजे कोन? मुंजा हाय, वेताळ हाय, का नुसताच कुणाचा चुलता हाय? नाव न्हाई, गाव न्हाई, असं भूत कसं वळखायचं?"

बरीच चर्चा होऊन केळी मुंजे ठरली. मुंजा म्हटल्यावर जानवं आलं. मग प्रत्येक केळ्याला डाव्या खांद्यावरून भिजवलेल्या शेवयीचं जानवं घालण्यात आलं, आणि अथर्वनं एकाला उजव्या खांद्यावरून घातलं तर बाईंनी ते काढून परत घालायला लावलं. खारीच्या लांब कांड्यांना बदामाचं नख आणि जॅमचं रक्त लावून हडळीची बोटं झाली. हडळीचे पाय उलटे असतात, तेव्हा नखंही खालच्या बाजूला लावावीत, असा बाईंचा आग्रह होता. त्यावर मुलांचं मतदान झालं आणि बाई हरल्या.

झोया मघापासून विचार करत होती. ती म्हणाली, "आजी, आमच्यात जिन असतो."

"मग त्याचं बी येक कर. लाजतीस कशाला? पर त्याला खजूर लागंल." खजुराचा जिन झाला. त्याला बडीशेपेच्या गोळ्यांचे डोळे लागले आणि तो सगळ्यांत देखणा दिसत होता.

खरा मान होता तो कोळ्यांचा. क्रीमच्या दोन बिस्किटांमध्ये आटीव दूध थापायचं, बाजूनं शेवेचे पाय खोचायचे, वर चॉकलेट आणि परत आटीव दुधाचा थेंब. या आटीव दुधाकडं बाई बघत नव्हत्या. डबा उघडला तशी त्यांनी खुर्ची लांब नेली होती. "पोरास्नी चालतंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पोरं पळत्यात."

साडेतीनला खाऊ डब्यात भरून तयार. मुलं माझ्या चादरी अंगावर घेऊन भुतं झालेली. रिक्षावाला दादा खाली हॉर्न वाजवत होता. मनवानं डबा उचलला आणि बाई दारात आडव्या झाल्या.

"कुटं निघाला? पितरांचा सैपाक न्हवं ह्यो? आधी त्यांचं पान. कावळा शिवल्याबिगर येक दाणा घराभाईर जाणार न्हाई."

मी म्हटलं, "मावशी, शाळेला उशीर होईल."

"सिव्हिलियन!" बाई म्हणाल्या.

आम्ही सगळे गच्चीवर. बाईंनी कठड्यावर ताटली ठेवली आणि तिच्यात हडळीचं एक बोट ठेवलं. त्याआधी त्यावरचा जॅम पदरानं नीट पुसून काढला. कावळा समोरच्या डिशच्या छत्रीवर बसलाच होता. तो आला, त्यानं कोरडी खारी बघितली, मग आमच्याकडं बघितलं आणि परत जाऊन बसला.

"काहीतरी कबूल करायचं आसतंय," बाई म्हणाल्या. "तुमी बी करा. पोरांचं ऐकत्यात कवा कवा."

चादरीतली तीन भुतं ओळीनं उभी राहिली. अथर्वनं हवालदार आजोबांना रोज दूध प्यायचं वचन दिलं. झोयानं भावाला चिमटे न काढण्याचं दिलं. एवढ्यात हॉर्न वाजवून कंटाळलेला रिक्षावाला दादा वर आला, प्रकार बघितला, टोपी काढली आणि म्हणाला, "हवालदार सायेब, उद्यापास्नं मागं चारच पोरं घेतो." कावळा चोच पुसत बसला. मनवाचा चेहरा रडवेला झाला होता. चार वाजायला आले होते, आणि वर्गातल्या पोरी खाऊची वाट बघत असणार.

"आजी," ती म्हणाली, "आजोबांना काय आवडायचं?"

मी आणि रिक्षावाला दादा, दोघांनीही खाली बघितलं.

"पेढा," बाई म्हणाल्या.

"मग गोड काहीतरी ठेव ना!"

"कसं ठेवू? शुगर हाय त्यांना."

मनवानं डोळ्यांवरची चादर वर केली. "आजी, भुताला शुगर नसते."

"कुनी सांगितलं तुला?"

"असूच शकत नाही," अथर्व ठासून म्हणाला. "भुताला बोट कुठंय? टोचणार कशात?"

बाईंनी यावर खरोखरच विचार केला. त्या मशीनवर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा देवावरही नव्हता, आणि मशीन जिथं चालत नाही तिथं साखर आहे असं म्हणणार कशाच्या आधारावर? त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग कावळ्याकडं, आणि मनवाच्या डब्यातून एक कोळी उचलला. आटीव दूध त्यांच्या बोटांवरून ओघळत होतं. उचलताना शेवेचे दोन पाय गळून पडले. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि त्या वेळी मला त्या बाईबद्दल जी माया वाटली तशी सख्ख्या माणसांबद्दलही क्वचित वाटली आहे.

"घ्या," ताटलीत कोळी ठेवून बाई म्हणाल्या. "डॉक्टरांस्नी मी बोलते."

त्या मागं सरायच्या आधीच कावळा आला. पळालासुद्धा नाही, तिथंच कठड्यावर पायाखाली धरून खायला लागला. आधी क्रीम चाटूनपुसून खाल्लं, मग बिस्कीट, मग पाय. बाईंनी पदर तोंडावर धरला होता आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मला जिन्यातला त्यांचा प्रश्न आठवला. शिवला. आता या बाईला कुणी काय सांगायचं?

कोळी संपवून कावळा दोन उड्या मारत पुढं आला, थेट कठड्यावर ठेवलेल्या मनवाच्या उघड्या डब्यापाशी. बाईंच्या डोळ्यांदेखत त्यानं दुसरा कोळी उचलला आणि पहिल्यापेक्षा हावरटपणानं तोडायला लागला. चोच, मान, छाती, सगळं आटीव दुधानं बरबटलं.

बाईंनी तोंडावरचा पदर काढला. "बघितलंसा?" त्या एकदम ओरडल्या. "बघितलंसा न्हवं समद्यांनी? ह्ये असं! येक दिलं की दुसरं! म्हनून बंद केलं हुतं मी. सांगा आता, माजं काय चुकलं?"

"काय बी चुकलं न्हाई, मावशी," रिक्षावाला दादा म्हणाला. "ह्यो तर डबा संपवंल."

"संपवंलच!" बाई रडत रडत हसत होत्या, आणि कावळ्यावर एक हात उगारलेला असताना दुसऱ्या हातानं ताटली त्याच्याकडं सरकवत होत्या. मग त्यांनी नाक पुसलं, डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि मनवाच्या हातात दिला.

"पळा आता. आन् दोन कमी भरले तर शाळंतल्या बाईंस्नी सांग, आजोबांनी खाल्ले म्हनून."